ओव्हर घरच्यांना द्यायची

तुला वॉर्डातून काढून डिस्चार्ज को-ऑर्डिनेटर केल्याचं तुझ्या आईनं सांगितलं. म्हणाली, "आता टेबल-खुर्ची मिळाली, पायांना आराम." मला हसू आलं. त्या खुर्चीत बसायला मिळालं, की मला फोन करून सांग. आमच्या वेळी या कामाला वेगळं नाव नव्हतं, वेगळा पगार तर नव्हताच. इन्चार्ज सिस्टर बाकीच्या धबडग्यातच ते करायची. मी मिरजेत केलं, तू पुण्यात करशील. सुचेल तसं लिहितेय, क्रम लावत बसले नाही.

आधी घड्याळाचं. राउंडला सर नुसतं "आज सोडू या" म्हणतात आणि पाच मिनिटांत कॉटवर पिशव्या बांधून तयार. त्यांच्या लेखी पेशंट सुटला. तुझ्या लेखी फाइल नुकतीच उघडली. समरी टाइप व्हायची, सरांची सही व्हायची, उरलेली औषधं फार्मसीत रिटर्न जायची, लॅबचे राहिलेले रिपोर्ट यायचे, मग बिल, मग विम्याच्या टीपीएची मंजुरी, मग गेटपास. यातलं निम्मं आदल्या संध्याकाळी होऊ शकतं. उद्या कोण सुटणार याचा अंदाज संध्याकाळच्या राउंडलाच घेऊन ठेव, समरीचा कच्चा मसुदा हाउसमनकडून रात्रीच करून घे, आणि नाइटच्या सिस्टरला जास्तीची औषधं वेगळी काढायला सांग. विमा नियामकाचा २०२४ सालचा नियम तुला माहीत असेलच. हॉस्पिटलची शेवटची विनंती पोचल्यापासून तीन तासांत विमा कंपनीनं मंजुरी कळवायची, आणि तिच्या उशिरामुळे जादा खर्च पडला तर तो तिनं सोसायचा. पण ते तीन तास कागद पोचल्यावर सुरू होतात. कागद आपल्याच मजल्यावर अडकला असेल तर टीपीएच्या नावानं बोटं मोडण्यात अर्थ नाही. नातेवाइकांना घड्याळाची वेळ मात्र कधीच सांगू नकोस. "दुपारचं जेवण इथंच होईल असं धरून चाला," एवढंच सांग. जेवणाआधी सुटले तर तुझं कौतुक होईल.

सुटण्याची तयारी भरतीच्या दिवशी सुरू होते. भरतीच्या फॉर्मवर वय, पत्ता, आधी कसली अ‍ॅलर्जी, सगळं असतं. आपल्या कामाचे प्रश्न त्यावर नसतात, ते चहा-पाण्याच्या गप्पांत विचारून घ्यायचे. घरी संडास कसला? मांडीचं हाड बसवलेल्या म्हातारीला उकिडवं बसायला मनाई करून तू पाठवतेस आणि घरी असतो तो खाली बसायचाच. मग ती पाणी कमी पिते, जेवण कमी करते, तिसऱ्या दिवशी पोट गच्च. कमोडची खुर्ची भाड्यानं मिळते, पण ती आणायला सवड लागते. डिस्चार्जच्या सकाळी कळून उपयोग काय? घर कितव्या मजल्यावर, लिफ्ट आहे का? रात्री उठलं तर दिव्याचं बटण हाताशी येतं का? जाणार कशानं? जतच्या पुढच्या गावचा माणूस संध्याकाळी पाचला सोडलास, तर शेवटची एसटी गेलेली असते आणि टाके घातलेलं पोट घेऊन तो स्टँडवर रात्र काढतो.

आणि एक प्रश्न जो शहरात कुणाला सुचत नाही: आठ दिवसांनी तुम्ही कुठं असाल? केस पेपरवर पत्ता गावचा असतो. माणूस ऊसतोडीला आलेला असला, तर दिवाळीनंतरचे चार-पाच महिने तो कुठल्यातरी कारखान्याच्या फडावर असतो. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, टाके काढायला परत ये म्हटलं तरी त्याला येता येत नाही. मग त्याच्या फडाजवळचं सरकारी दवाखान्याचं ठिकाण विचार, डिस्चार्ज कार्डावर "टाके अमुक तारखेला काढावेत" हे ठळक लिही, आणि ते कुठंही काढता येतात हे त्याला तोंडानं सांग. पुण्यात तुला बांधकामावरची माणसं भेटतील. त्यांचंही असंच, आज एक साइट, उद्या दुसरी.

आता माझं मुख्य म्हणणं. ड्यूटी संपली की आपण ओव्हर दिल्याशिवाय वॉर्ड सोडत नाही. बेड नंबर चार, ताप उतरला, लघवी एवढी झाली, रात्रीचं इंजेक्शन बाकी आहे, असं बारीकसारीक सांगून, दाखवून मग चप्पल घालतो. पेशंट घरी जाताना मात्र एक कागद हातात ठेवतो आणि नमस्कार. घरी रात्रीची ड्यूटी कुणीतरी करणारच असतं, त्या माणसाला ओव्हर कुणी दिलेली नसते. फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंचं १८५९ सालचं 'नोट्स ऑन नर्सिंग' मुळात घरात आजाऱ्याचं करणाऱ्या बायकांसाठी लिहिलेलं आहे. त्यात एक अख्खं प्रकरण याच विषयावर आहे: आपण समोर असताना जे नीट होतं, ते आपण नसतानाही नीट व्हावं याची तजवीज. शिकत असताना मी ते परीक्षेपुरतं वाचलं. तू नीट वाच.

तर घरी रात्रीची ड्यूटी करणारं ते माणूस शोध. सही करणारा मुलगा असतो, बिल भरणारा जावई असतो, सरांशी इंग्रजीत बोलणारा पुतण्या असतो. गोळ्या देणारी, कूस बदलणारी, युरोबॅग रिकामी करणारी यांच्यापैकी कुणी नसतं. ती सून असते, नाहीतर बायको, आणि बहुतेक वेळा ती हॉस्पिटलात नसते, कारण घरी जनावरं आहेत, पोरांची शाळा आहे. तिला सुटण्याच्या आधी एक दिवस तरी बोलावून घे. मुलगा म्हणेल, "मला सांगा सिस्टर, मी सांगतो तिला." मान हलव आणि तरी तिला बोलाव. आल्यावर भाषण देऊ नकोस. तिच्या हातानं करून घे. युरोबॅग कमरेच्या खाली राहायला हवी, नळीतून पेशंटला भरवताना डोक्याकडची बाजू उंच हवी, अंथरुणाला खिळलेल्याची कूस दर दोन तासांनी बदलायला हवी, हे ऐकून कळत नाही. एकदा तू कर, एकदा तिनं करायचं, तू नुसती उभी राहा. चुकली तर तिथंच चुकू दे.

"समजलं ना?" हा प्रश्न तोंडातून काढून टाक. आपल्याकडे मोठ्या माणसानं विचारलं की उत्तर "हो" असंच असतं. त्यापेक्षा विचार, "घरी गेल्यावर सासूबाईंना काय सांगाल, कुठली गोळी कधी?" मग खरं कळतं. मिरजेत अथणी, विजापूरकडचे पेशंट खूप. मराठीत सांगितलं की मान डोलवायचे. कन्नड येणारी आमची एक मावशी होती, तिला मी या कामासाठी हक्कानं बोलवायची. तुझ्याकडेही कोणत्या मावशीला, कोणत्या मामाला कुठली भाषा येते, याची यादी मनात असू दे. मावश्यांना भाषेखेरीजही बरंच ठाऊक असतं. रात्री कोण रडत होतं, डबा कोण न खाता परत पाठवतं, कुणाचा मुलगा चार दिवस फिरकला नाही, हे तुझ्या कुठल्याच चार्टवर येत नाही.

औषधांवर सगळ्यात जास्त वेळ घालव. घरी गडबड होते ती बहुतेक इथंच. भरतीच्या वेळीच घरची औषधांची पिशवी मागवून घे, रिकामी पाकिटंही. नाहीतर बी.पी.ची जुनी गोळी एका नावाची आणि आपण दिलेली दुसऱ्या कंपनीची, आत औषध एकच, आणि माणूस दोन्ही घेतो. बंद करायच्या गोळ्या कार्डावर "बंद" म्हणून स्वतंत्र लिही. नुसत्या यादीत नसल्या म्हणून कुणी त्या टाकून देत नाही, पैसे पडलेले असतात. १-०-१ हे आपल्याला दिसतं तसं सगळ्यांना दिसत नाही. सूर्य आणि चांदोबा काढ, हसतील तर हसू देत. "जेवणाआधी" लिहिण्याअगोदर जेवण कधी होतं ते विचार. शेतावर जाणारी बाई सकाळी चहा-भाकरी खाऊन निघते, नीट जेवते ती तीन वाजता.

आठवड्यातून एकदाच घ्यायची गोळी असली, संधिवातासाठी देतात ती मेथोट्रेक्सेट, तर "आठवड्यातून एकदा" एवढ्यावर सोडू नकोस. वार लिही: "फक्त रविवारी." रोज घेतली तर ती जिवावर बेतते, आणि रोज घेणारे निघतात, कारण बाकी सगळ्या गोळ्या रोजच्या असतात. फॉलिक अ‍ॅसिड दिलं असेल तर त्याचाही वेगळा वार लिही.

इन्सुलिनचं तर बैजवार बघ. आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन बहुधा मिलिलिटरला ४० युनिटचं असतं, त्याची सिरिंज लाल टोपणाची. १०० युनिटवाल्याची सिरिंज केशरी टोपणाची. बाटली एक आणि सिरिंज दुसरी झाली, तर डोस अडीचपट जातो किंवा निम्म्याहूनही कमी. दुकानदारानं दिली म्हणून बरोबरच असेल असं धरू नये. बाटली आणि सिरिंज दोन्ही त्यांच्या हातात ठेवून आकडा जुळवून दाखव. फ्रीज नसेल तर घाबरवू नकोस. सुरू केलेली बाटली साधारण चार आठवडे थंडशा जागी टिकते. जतच्या उन्हाळ्यात मात्र ओल्या वाळूतलं मातीचं मडकं हवं. आणि फ्रीज असला, तर बर्फाच्या कप्प्यात ठेवू नका, हे दोनदा सांग.

साखरेच्या पेशंटला उपासांचं विचारायचंच. एकादशी, चतुर्थी, श्रावणी सोमवार, नवरात्र, काहींचे रोजे. तो उपाशी राहतो, गोळी मात्र इमानानं घेतो आणि दुपारी घाम फुटून पडतो. नाहीतर साबुदाण्याची खिचडी खाऊन साखर आभाळाला. "उपास करू नका" म्हणून ऐकणारं माणूस मला क्वचितच भेटलं. उपासाच्या दिवशी गोळीचं काय करायचं, हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घे.

उपासांच्या कॅलेंडरवरून आठवलं. अमावास्येला पुष्कळ घरं पेशंट न्यायला तयार होत नाहीत. कोवळी नवी सिस्टर त्यांना अंधश्रद्धेवर प्रवचन देते, बेड अडतो तो अडतोच. वॉर्डात कालनिर्णय टांगलेलं असू दे. अमावास्या जवळ आली असेल तर दोन दिवस आधीच विषय काढ: आदल्या दिवशी जमेल का ते सरांना विचारू, नाहीतर एक दिवसाचं भाडं जास्त पडेल. आकडा ऐकून घरातली वडीलधारी माणसंच काहीतरी तोड काढतात.

पैशाचं बोलणं शेवटच्या दिवसावर ठेवू नकोस. घर हलाखीचं दिसलं, तर पहिल्याच दिवशी समाजसेवा अधीक्षकांकडे किंवा आरोग्यमित्राकडे पाठव. महात्मा फुले योजनेत बसतं का, रेशन कार्ड जवळ आहे का, हे तेव्हाच बघायचं. सुटल्यानंतरच्या किती दिवसांची तपासणी आणि औषधं पॅकेजमध्ये धरली आहेत, हेही आरोग्यमित्राकडून विचारून कार्डावर लिही, लोक ते माहीत नसल्यानं येतच नाहीत. तुझं हॉस्पिटल धर्मादाय असेल, तर मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ च्या आदेशानं आलेली योजना लागू आहे: दहा टक्के खाटा निर्धनांना मोफत, दहा टक्के दुर्बल घटकांना सवलतीत. बिल थकलं म्हणून माणसाला अडवून ठेवता येत नाही, रुग्ण हक्कांच्या सनदेत ते आहे. वसुली बिलिंगची, तुझी नव्हे. दारात उभं राहून ते काम करू नकोस.

कुणी सल्ला न मानता घरी जायचं म्हणालं, तर सही घेऊन तोंड फिरवायचं, ही रीत मला कधी पटली नाही. का जाताय ते विचार. निम्म्या वेळा कारण पैसे असतात किंवा घरी तान्हं पोर असतं, आणि त्यावर काहीतरी निघतं. तरी गेलेच, तर औषधं समजावून दे, कधी धावत परत यायचं ते सांग, आणि परत आल्यावर कुणी बोलणार नाही असाही शब्द दे. अपमान झालेला माणूस रात्री श्वास अडकला तरी त्या दारात येत नाही.

उलटही होतं. सर सोडा म्हणालेत, बेडची मागणी आहे, आणि सकाळची नाडी एकशे वीस. तेव्हा फाइल पुढं ढकलू नकोस. फोन कर, पण "सर, काय करू?" असं विचारू नकोस. बेड नंबर, कशासाठी भरती, आत्ता नाडी किती, बी.पी. किती, रात्री ताप होता का, आणि "मला वाटतं तुम्ही एकदा येऊन बघावं," एवढं एका दमात. ऐकलं नाही तर वेळ टाकून लिहून ठेव आणि वरच्या डॉक्टरांना सांग. ओरडा बसेल. बसू दे. आणि प्रत्येकाला गेटपास देण्याआधी स्वतः बाही वर करून बघ, शिरेतला इंट्राकॅथ निघाला का. दंडावर पट्टी गुंडाळून इंट्राकॅथसकट घरी गेलेली माणसं असतात.

तिसऱ्या दिवशी फोन कर. "कसं वाटतंय?" विचारलंस तर "बरंय" येईल. काल रात्री कुठल्या गोळ्या घेतल्या, लघवी कितीदा झाली, जखमेचं पाणी कपड्याला लागतंय का, पायावर सूज आहे का, असं नेमकं विचार. नंबर सुनेचा घेऊन ठेवलेला असायला हवा, मुलाचा लावलास तर तो कामावर असतो आणि "सगळं ठीक" म्हणून मोकळा होतो. खेड्यातल्या घरांना सकाळी फोन लावू नकोस, बायका रानात असतात. दिवेलागणीच्या आधी, चहाच्या सुमाराला लाव.