पंख घासण्यातला प्रयोग

चि. ऋचा हिस,


मॉडेल रॉकेटच्या रंगरूपावर मेहनत घेऊ की मोजमापांवर, असं तू विचारलं आहेस. माझ्या मते ही दोन कामं वेगळी काढताच येत नाहीत. हातात सफाई नसेल, तर प्रयोगालाही अर्थ उरत नाही. शेपटीचा बाल्साचा पंखच बघ. लाकडाच्या रेषा त्याच्या पुढच्या कडेला समांतर हव्यात, नाहीतर वेगात पंख मोडतो. पुढची कड गोलसर, मागची निमुळती, सीलर लावून छिद्रं बुजवलेली आणि वरून बारीक पॉलिशपेपर फिरवलेला, असा पंख देखणा दिसतो आणि हवेचा अडथळाही कमी घेतो. आता तीन पंखांचं रॉकेट उंच जातं की चार पंखांचं, हे तुला तपासायचं आहे असं धर. त्यातल्या एकाचा पंख जरा वाकडा चिकटला, तर रॉकेट गिरक्या घेत जाईल आणि तुझ्या वहीत उतरेल तो तुझ्या चिकटवण्यातला दोष. पंखांची संख्या सोडून बाकी सगळं सारखं असलेली दोन रॉकेटं बनवणं हे कसबी हाताचं काम आहे.

रॉकेटला रेटा देणारी मोटार कारखान्यातून तयार येते, मग त्यात विज्ञान कसलं, असं कुणी म्हणेल. मला तर ती तयार येते हीच मोठी सोय वाटते. अमेरिकेत नेब्रास्कातल्या नॉरफोक गावी चपला-बुटांचं दुकान चालवणाऱ्या ऑर्व्हिल कार्लाइल यांनी १९५४ च्या सुमारास भावाच्या साथीने बदलता येणारी मोटार बसवलेलं छोटं रॉकेट तयार केलं. त्यामुळे घरी स्फोटक दारू कालवण्याचं कारण उरलं नाही. ते जीवघेणं काम तू कधीही करायचं नाहीस. शिवाय तयार मोटारीचा जोर आधीच ठाऊक असतो. ‘सी६-५’ या खुणेत सी म्हणजे एकूण आवेग जास्तीत जास्त १० न्यूटन-सेकंद, ६ म्हणजे सरासरी रेटा ६ न्यूटन आणि ५ म्हणजे जळण संपल्यावर पॅराशूट बाहेर पडेपर्यंतचे सेकंद. तरीही दोन मोटारी अगदी तंतोतंत सारख्या नसतात, म्हणून एका उड्डाणावर निष्कर्ष काढू नकोस. उंची मोजतानाही सावध राहा. उड्डाणाच्या जागेपासून १०० मीटरवरून ४५ अंशांचा कोन दिसला तर उंची १०० मीटर, पण कोनात एका अंशाची चूक झाली की साडेतीन मीटरचा फरक पडतो. त्याहून लहान फरकावर हक्क सांगता येत नाही.

हुबेहूब प्रतिकृतीत मात्र कला आणि विज्ञान भांडतात, हा आक्षेप खरा आहे. जेमिनी यान वाहून नेणाऱ्या टायटन-२ रॉकेटला पंखच नव्हते. इंजिनाची तोंडं वळवून त्याला दिशा दिली जाई. तुझ्या प्रतिकृतीत ती यंत्रणा नसणार. म्हणून अशा प्रतिकृती बनवणारे पारदर्शक प्लास्टिकचे पंख लावतात, जे लांबून जवळजवळ दिसत नाहीत, आणि नाकात वजन भरतात. हवेचा दाब जिथे एकवटतो त्या बिंदूच्या पुढे गुरुत्वमध्य निदान एका नळीच्या व्यासाइतका हवा, हा नियम त्यामागे आहे. मला या भांडणातच खरी कलाकुसर दिसते.

तो दाबाचा बिंदू काढायची सोपी समीकरणं नासातल्या जेम्स बॅरोमन यांनी १९६६ मध्ये हौशी लोकांपुढे मांडली. आता संगणक ते क्षणात करतो, पण तो तुझे पंख सरळ आहेत असं धरून चालतो. म्हणून मोटार बसवून रॉकेट जिथे तोलतं तिथे दोरी बांध आणि डोक्याभोवती फिरवून बघ. नाक पुढे राहत नसेल तर उडवू नकोस. राहिलं, तर उंचीचा अंदाज आधी वहीत लिही, रीतसर परवानगी काढ, मोठ्या माणसाला सोबत घेऊन मोकळ्या मैदानावर जा आणि अंदाज व मोजमाप दोन्ही मला कळव.

तुझा,
काका