शासनाच्या अधिकाराची मर्यादा : एका मराठी हस्तलिखिताचा खटला

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतील एखाद्या रहिवाशास शासनाच्या आदेशाविरुद्ध उच्च न्यायालयात दाद मागावयाची झाल्यास कालपरवापर्यंत सुमारे पावणेचारशे किलोमीटरवरील मुंबई गाठावी लागत असे. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाच्या सर्किट बेंचचे कामकाज कोल्हापुरातच सुरू झाले आणि सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी व सिंधुदुर्ग या जिल्ह्यांचीही सोय झाली. संविधानाच्या अनुच्छेद २२६ खालील अर्ज आता येथे करता येतो. या अनुच्छेदाचे सामर्थ्य किती आहे, हे मुंबई उच्च न्यायालयातील एका जुन्या प्रकरणावरून चांगले समजते.

चिनी आक्रमणानंतर २६ ऑक्टोबर १९६२ रोजी आणीबाणी जाहीर झाली. त्या काळात साम्यवादी कार्यकर्ते प्रभाकर पांडुरंग संझगिरी यांना महाराष्ट्र शासनाने भारत संरक्षण नियमांखाली मुंबईच्या कारागृहात स्थानबद्ध केले. तेथे त्यांनी शासनाच्याच परवानगीने ‘अणूच्या अंतरंगात’ हे विज्ञानविषयक मराठी पुस्तक लिहिले. हस्तलिखित प्रकाशनासाठी बाहेर पाठविण्याची अनुमती मात्र नाकारण्यात आली. कारागृह अधीक्षकांकडे केलेला अर्जही फेटाळला गेला, तेव्हा ते उच्च न्यायालयात गेले.

शासनाने दिलेले उत्तर प्रत्येक अधिकाऱ्याने लक्षात ठेवण्यासारखे आहे. पुस्तक देशाच्या संरक्षणास घातक आहे, असे शासनाचे म्हणणेच नव्हते. स्थानबद्धास पुस्तक प्रसिद्ध करू देण्याचे बंधन कायद्याने शासनावर घातलेले नाही, एवढाच मुद्दा मांडण्यात आला. स्थानबद्धांना ज्या सवलती नियमांत लिहिल्या आहेत तेवढ्याच मिळतील, पुस्तकाचा उल्लेख त्यांत नाही, असा त्याचा आशय होता.

उच्च न्यायालयाने हा युक्तिवाद नाकारला. शासन सर्वोच्च न्यायालयात गेले. तेथे ६ सप्टेंबर १९६५ रोजी न्यायमूर्ती के. सुब्बाराव यांनी निकाल दिला. त्याच दिवशी भारतीय सैन्याने लाहोर आघाडी उघडली होती, म्हणजे निकाल शांततेच्या काळातील नव्हे. स्थानबद्धतेच्या अटी म्हणजे शासनाने बहाल केलेल्या सवलती नव्हेत; स्वातंत्र्यावर किती निर्बंध घालता येतील, हे त्या अटी ठरवितात, असे न्यायालयाने म्हटले. हस्तलिखित बाहेर पाठविण्यास मनाई करणारी अट नव्हती. अर्थात नकार कायद्याबाहेरचा ठरला. मूलभूत हक्कांसाठी न्यायालयात जाण्याचा मार्ग राष्ट्रपतींच्या आदेशाने स्थगित होता खरा, परंतु ती स्थगिती संरक्षण कायद्यानुसार केलेल्या कृतीपुरती होती. त्या कायद्याचे उल्लंघन करणाऱ्या कृतीला तिचे संरक्षण नव्हते. शासनाचे अपील फेटाळले गेले.

पुढे हा मार्ग निर्वेध राहिला नाही. तिसऱ्या आणीबाणीत, २८ एप्रिल १९७६ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने स्थानबद्धांना दाद मागण्याचा अधिकारच नाही असे ठरविले. न्यायमूर्ती एच. आर. खन्ना यांचे मत तेवढे वेगळे होते. बहुमतात न्यायमूर्ती यशवंतराव चंद्रचूड होते. तो निकाल चुकीचा होता हे २०१७ मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या पीठापुढे त्यांचेच चिरंजीव न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी लिहिले. त्याआधी, १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने आणीबाणीतही अनुच्छेद २० व २१ यांची अंमलबजावणी स्थगित करता येणार नाही, अशी तरतूद झालेली होती.

कचेरीच्या टेबलावर ‘तशी तरतूद नाही’ हा शेरा फार सहज लिहिला जातो. नागरिक आपल्या खर्चाने सभा भरवीत असेल, पत्रक काढीत असेल, तर मनाई करणारे कलम दाखविण्याची जबाबदारी अधिकाऱ्याची आहे. परवानगी देणारे कलम शोधण्याची जबाबदारी नागरिकाची नाही. तरतूद नसेल तर अडविण्याचा अधिकारही नसतो.

घरकुल, अनुदान किंवा शिष्यवृत्ती यांची गोष्ट वेगळी. तेथे अर्जदारानेच नियमातील पात्रता दाखवावी लागते, आणि ग्रामपंचायत सदस्यांनी या दोन प्रकारांची गल्लत करू नये. मात्र लाभाच्या बाबतीतही एका पात्र अर्जदारास यादीत घेऊन तशाच दुसऱ्यास वगळले, तर अनुच्छेद १४ चा प्रश्न उभा राहतो आणि त्याचे उत्तर वगळणाऱ्यालाच द्यावे लागते.