घरचे तुणतुणे

पुन्हा पुन्हा तीच गोष्ट सांगणाऱ्यास ‘तेच तुणतुणे वाजवितो’ असे म्हणतात. या वाद्याला तार एक आणि स्वरही एकच. परंतु पोवाडा गाणाऱ्या शाहिरामागे झीलकरी जो स्वर अखंड छेडीत असतो, त्याच्याच आधाराने गाणे सुरात राहते.

खऱ्या तुणतुण्याचे नळकांडे लाकडी असून त्याचा तळ कातड्याने मढविलेला असतो. घरी मात्र पत्र्याचा रिकामा डबा पुरतो. डब्याचे झाकण काढावे, कडा घासून बोथट कराव्या व तळाच्या मध्यभागी खिळ्याने भोक पाडावे. सुमारे 60 सेंटिमीटर लांबीची बांबूची काठी डब्याच्या बाहेरील अंगास उभी ठेवून सुतळीने घट्ट आवळावी. काठीच्या वरच्या टोकाजवळ छिद्र पाडून त्यात लाकडी खुंटी बसवावी. बारीक पोलादी तारेचे एक टोक जाड बटणात अडकवावे. बटण तळाखाली ठेवून तार भोकातून वर घ्यावी व खुंटीला गुंडाळावी.

नुसती तार फार थोडी हवा हालविते. म्हणून तिचा नाद क्षीण असतो. तिची कंपने डब्याच्या तळास पोहोचली, की तो रुंद पत्रा अधिक हवा हालवितो आणि नाद मोठा होतो. खुंटी पिळली, की ताण वाढून स्वर चढतो. सैल केली, की उतरतो.

गाणाऱ्याने आपल्या आवाजाशी स्वर जुळवून घ्यावा आणि मग गावे. ज्याच्या घरी तंबोरा नाही, त्यालाही आपला सूर कोठे ढळतो, हे हा डबा दाखवून देतो.