हाडाशी एकजीव होणारा स्क्रू

डोंबिवलीला आमच्या शेजारी राहणाऱ्या आजींच्या खालच्या जबड्यात एकही दात उरला नव्हता. कवळी होती, पण बोलताना ती उचलली जाई आणि भाकरी तर वर्ज्यच झाली होती. ठाण्याच्या एका दंतवैद्यांनी प्रथम त्यांची मिशरी सोडवली, रक्तातील साखर आटोक्यात आणली आणि मग जबड्यात टायटॅनियमचे चार स्क्रू बसवले. "आता तीन महिने थांबायचे," ते म्हणाले. नातीचे लग्न तर दोन महिन्यांवर आलेले! दहावीतला नातू माझ्याकडे आला. "सर, स्क्रू घट्ट बसलाय, मग त्यावर दात लगेच का लावत नाहीत?"

विद्यार्थी मित्रांनो, या प्रश्नाचे उत्तर आपण क्रमाने शोधू.

कवळी सैल का होते?

नैसर्गिक दाताचे मूळ हाडाला थेट चिकटलेले नसते. दोहोंच्या मध्ये सुमारे ०.२ मिलिमीटर जाडीचा तंतूंचा थर असतो. आपण चावतो तेव्हा हे तंतू ताणले जातात आणि हाडावर बल पडते. हाड ही जिवंत वस्तू आहे. बल पडत राहिले तर ते टिकते, नाही तर झिजते. दात गेला की त्या जागचे हाड हळूहळू खचू लागते. कवळी हिरडीवर नुसती टेकलेली असते; त्यामुळे हाडाची झीज चालूच राहते आणि काही वर्षांत घट्ट बसणारी कवळी सैल होते.

सशाच्या पायातील शोध

१९५२ साली स्वीडनमध्ये पेर-इंगवार ब्रोनेमार्क हे संशोधक सशाच्या पायाच्या हाडातील रक्तप्रवाह पाहत होते. त्यासाठी त्यांनी हाडात टायटॅनियमची एक छोटी नळी बसवली होती. प्रयोग संपल्यावर ती पुन्हा वापरावी म्हणून काढू गेले, तर ती निघेना! हाड धातूला घट्ट धरून बसले होते. १९६५ साली त्यांनी गोस्ता लार्सन या रुग्णाच्या जबड्यात असे चार स्क्रू बसवले. लार्सन २००६ साली वारले, तोवर, म्हणजे चाळीस वर्षांहून अधिक काळ, ते स्क्रू उपयोगी पडले.

टायटॅनियमच का?

कोकण किनाऱ्यावर रत्नागिरीच्या परिसरात वाळूत काळे कण दिसतात. त्यांत इल्मेनाइट हे खनिज असते. लोह आणि टायटॅनियम यांचे ते ऑक्साइड होय. अशाच काळ्या वाळूतून १७९१ साली इंग्लंडमध्ये विल्यम ग्रेगर यांना या मूलद्रव्याचा पत्ता लागला.

टायटॅनियमला हवा लागताच त्यावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर चढतो. त्याची जाडी मिलिमीटरच्या सुमारे दोन लाखाव्या भागाएवढी असते. लोखंडाचा गंज पापुद्र्यांनी सुटतो. हा थर मात्र चिकटून राहतो आणि आतील धातूचे रक्षण करतो. शरीराला तो उपद्रव देत नाही, म्हणून हाडाच्या पेशी त्याला अगदी लागून वाढू शकतात.

मग थांबायचे कशासाठी?

स्क्रू बसवताना पुष्कळदा ३५ न्यूटन-सेंटिमीटरपर्यंत पीळ देतात. १० सेंटिमीटर लांब दांड्याच्या टोकाशी ३.५ न्यूटन, म्हणजे सुमारे ३५० ग्रॅम वजनाएवढे बल लावल्यासारखे हे आहे. पहिल्या दिवशीचा घट्टपणा हा केवळ आट्यांचा असतो. पुढील काही आठवड्यांत लगतचे जुने हाड विरघळते व नवे तयार होते. या काळात स्क्रू मिलिमीटरच्या सातव्या-आठव्या भागाहून अधिक हलत राहिला, तर हाडाऐवजी मऊ तंतू भरतात आणि स्क्रू सैल होतो. हाड भक्कम असेल आणि स्क्रू एकमेकांना पक्के जोडता येत असतील, तर काही रुग्णांना तात्पुरते दात लगेच देतात. आजींचे हाड तसे नव्हते.

भोक पाडतानाही काळजी घ्यावी लागते. हाडाचे तापमान मिनिटभर ४७ अंश सेल्सिअस राहिले तरी त्याला इजा होते; म्हणून सलाइनची धार सतत सोडतात.

करून पाहा

दोन वाट्यांत प्लास्टर ऑफ पॅरिस घट्टसर कालवा. प्रत्येकीत एक स्क्रू उभा करा. एक स्थिर ठेवा. दुसरा प्लास्टर आवळेपर्यंत दर मिनिटाला थोडा हलवा. तासाभराने दोन्ही ओढून पाहा. कोणता सहज निघतो? प्लास्टर जिवंत नाही, हाड आहे. पण स्थिरतेचे महत्त्व यावरून ध्यानात येईल.

नातवाने हा प्रयोग आजींना करून दाखवला. लग्नात त्यांनी वरणभात आणि शिरा यांवर समाधान मानले. महिन्याभराने चार स्क्रूंवर दातांची अख्खी ओळ पक्की बसली आणि कित्येक वर्षांनी त्यांनी भाकरीचा तुकडा मोडून चावून खाल्ला. हे दात किडत नाहीत, पण स्वच्छता न राखल्यास भोवतालची हिरडी सुजते व हाड झिजते. म्हणून आजी आता रोज दोनदा ब्रश करतात.

जाता जाता एक प्रश्न: सुपारी आपण पुढच्या दातांनी न फोडता दाढेने का फोडतो? जबडा ही तरफ आहे, हे लक्षात घेऊन उत्तर शोधा.