लहान जीवांचीं छायाचित्रें व हलकीं साधनें

अक्कलकोटच्या शिवारांत बांधाबांधावर रुईचीं झुडपें आहेत. पाऊस सरत आला म्हणजे त्यांवर प्लेन टायगर नांवाचें नारिंगी फुलपांखरूं येतें, पानावर एकेक अंडें घालतें, व त्यांतून निघालेली अळी तींच पानें खाऊन वाढते. हें सारें जवळून टिपण्याची हौस आमच्या पुष्कळ विद्यार्थ्यांस असते. परंतु त्यासाठीं जड व भारी किंमतीचीं यंत्रें लागतात, अशी त्यांची समजूत आहे. ती बरोबर नाहीं, हें आम्ही ह्या पाठांत दाखवूं इच्छितों.

प्रथम मोजमाप पाहूं. कॅमेऱ्याच्या ज्या पटलावर प्रतिमा उमटते त्यास संवेदक म्हणतात. मोठ्या जातीच्या कॅमेऱ्यांत त्याची रुंदी 36 मिलिमीटर असते. प्रतिमा मूळ वस्तूएवढीच उमटली तर तें एकास एक प्रमाण. आपलें फुलपांखरूं पंख पसरून सुमारें 7 सेंटिमीटर रुंद भरतें. तें अर्ध्या प्रमाणांतच चौकट व्यापतें. पूर्ण वाढलेल्या अळीस एकास एक प्रमाण लागतें. अंडें मात्र अवघें मिलिमीटरभर. तें एकास एक प्रमाणांतही ठिपक्यासारखेंच दिसतें. मायक्रो फोर थर्ड्स जातीच्या लहान कॅमेऱ्याचा संवेदक 17.3 मिलिमीटर रुंद असतो. त्यांत तीच अळी अर्ध्या प्रमाणांत चौकट भरून टाकते. म्हणजे लहान कॅमेऱ्यानें वजनही वांचतें व अडचणही कमी होते.

आतां हाताचा विचार करूं. मोठ्या कॅमेऱ्यांत एकास एक प्रमाणावर, छिद्र एफ 8 ठेवलें असतां, चित्रांत स्पष्ट दिसणारी खोली सुमारें एक मिलिमीटर असते. श्वासानें शरीर याहून अधिक पुढेंमागें हलतें, आणि कंपरोधक यंत्रणेचा त्या हालचालीवर फारसा उपाय चालत नाहीं. तिपाई मांडूं जावें तर तिचा पाय झुडपास लागतांच फुलपांखरूं उडून जातें. म्हणून हात हीच आपली तिपाई. आणि जड यंत्रानें हात लवकर थकतो. सबब हलकेपणा ही चैन नव्हे, त्यावर चित्राचें यश अवलंबून आहे.

साधनें क्रमानें अशीं. ज्यांच्याजवळ 200 मिलिमीटरचें भिंग आहे, त्यांनीं त्याच्या तोंडावर 5 डायॉप्टरचें जोडभिंग बसवावें. फोकस अनंतावर ठेवला असतां एकास एक प्रमाण मिळतें, व जीव 20 सेंटिमीटर दूर राहतो. दुसरें साधन पोकळ नळी. तींत कांच नसल्यामुळें ती स्वस्त पडते. 50 मिलिमीटरच्या भिंगामागें 25 मिलिमीटरची नळी घातली कीं अर्धें प्रमाण साधतें. मात्र प्रकाश घटतो व जीवाच्या फार जवळ जावें लागतें. तिसरें, खास मॅक्रो भिंग. कॅननचें 2009 सालचें 100 मिलिमीटरचें भिंग 625 ग्रॅम भरतें, तर ऑलिंपसचें 2012 सालचें 60 मिलिमीटरचें भिंग अवघें 185 ग्रॅम. एकास एक प्रमाण दोन्ही देतात. ज्यांच्याजवळ केवळ मोबाईल आहे, त्यांनीं चिमट्यानें बसणारें भिंग घ्यावें. त्यास बहुधा दोनतीन सेंटिमीटरांवर जावें लागतें. अळीस तें चालतें, फुलपांखरास चालत नाहीं.

प्रकाशासाठीं लहान फ्लॅश व त्यापुढें पातळ पांढरा कागद पुरे. कमी शक्तीवर त्याची चमक सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी टिकते, त्यामुळें हाताचा कंप चित्रांत उतरत नाहीं. कोपरें गुडघ्यांवर टेकून शरीरच हळूहळू पुढें न्यावें, व जीवाचा डोळा स्पष्ट होतांच कळ दाबावी. ऊन चढण्यापूर्वीं जावें; त्या वेळीं कीटक गारठ्यानें मंद असतात.

कांहीं लोक कीटक स्थिर राहावा म्हणून त्यास शीतपेटींत ठेवतात, किंवा फांदीच तोडून आणतात. आमच्या मतें तें चित्र नव्हे, ती चोरी होय. अळीचें अन्न व घर तेंच पान आहे. हलकें साधन घेऊन जो जीवाच्या पायरीवर खालीं वाकूं शकतो, त्यास असलें कांहीं करावें लागत नाहीं.

पैसे खर्चण्यापूर्वीं एक प्रयोग करा. आपल्या कॅमेऱ्यानें शक्य तितक्या जवळून मोजपट्टीचें चित्र घ्या. मोठ्या कॅमेऱ्याच्या चौकटींत पट्टीचे 72 मिलिमीटर दिसले तर अर्धें प्रमाण. 36 दिसले तर एकास एक. मग रुईपाशीं जाऊन तीच पट्टी, पानास धक्का न लावतां, अळीच्या शेजारीं धरा. दोन मापांत जें उणें पडेल, तेवढेंच विकत घ्यावें.