संगणकीय दप्तर : एक सत्र, एक व्यवहार

तुमसरसारख्या भातपिकाच्या तालुक्यात सात-बारावरील प्रत्येक ओळ शेतकऱ्याच्या जिव्हाळ्याची असते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 150 अन्वये फेरफाराची प्रथम नोंद होते, हितसंबंधितांना सूचना दिली जाते आणि नोंद प्रमाणित झाल्यावरच अधिकार अभिलेखात बदल होतो. हे दप्तर आता संगणकावर आले असल्याने त्याच्या अंतर्गत कार्यपद्धतीची ओळख करून घेणे अगत्याचे आहे.

कर्मचारी संकेतशब्द देऊन सर्व्हरशी जोडला गेला की त्याचे 'सत्र' सुरू होते. सत्रातील परस्परसंबद्ध बदल एका 'व्यवहारा'त बांधता येतात. असे बदल एकतर सर्वच कायम होतात, अथवा सर्वच रद्द होतात. सर्व्हरच्या मूळ आज्ञा अपुऱ्या पडल्यास वापरकर्ता स्वतःचे उपकार्यक्रम लिहून सर्व्हरमध्येच ठेवू शकतो.

समजा, विक्रेत्याचे नाव कमी करून दोन खरेदीदारांची नावे दाखल केली आणि क्षेत्राची बेरीज तपासण्याचे काम अशा उपकार्यक्रमाकडे सोपविले. त्याने नवी जोडणी उघडली, तर अद्याप कायम न झालेला बदल त्या जोडणीला साधारणतः दिसत नाही. जुन्याच नावांची बेरीज होते. किंवा ओळी कुलूपबंद असल्यास उपकार्यक्रम मूळ व्यवहाराची आणि मूळ व्यवहार उपकार्यक्रमाची वाट पाहत राहतो. शिवाय मूळ व्यवहार रद्द झाला, तरी नव्या जोडणीने कायम केलेली नोंद मागे उरते. अशी अर्धवट नोंद पुढे तंट्याचे कारण होऊ शकते.

म्हणून उपकार्यक्रमाने चालू सत्राचीच जोडणी वापरावी. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमध्ये 2005 च्या आवृत्तीपासून यासाठी 'कॉन्टेक्स्ट कनेक्शन'ची सोय आहे. ओरॅकलमध्ये जावा उपकार्यक्रमांना 'डीफॉल्ट कनेक्शन' मिळते, तर पोस्टग्रेसमध्ये सी भाषेतील उपकार्यक्रमांसाठी 'सर्व्हर प्रोग्रामिंग इंटरफेस' आहे. यामुळे वेगळा संकेतशब्द कार्यक्रमात लिहून ठेवावा लागत नाही आणि काम कोणाच्या सत्रात झाले, हेही स्पष्ट राहते. मात्र उपकार्यक्रम आज्ञा देणाऱ्याच्या अधिकाराने चालावा की रचनाकाराच्या, हे आधीच ठरवावे लागते.

यास एक अपवाद आहे. फसलेल्या प्रयत्नाचीही नोंद राहावी असा हेतू असेल, तर ती स्वतंत्र व्यवहारात करणे योग्य ठरते.

संगणकप्रणाली स्वीकारताना अधिकाऱ्यांनी एक चाचणी अवश्य घ्यावी. फेरफाराचे काम मध्येच रद्द करून पाहावे. प्रयत्नांची हेतुपुरस्सर ठेवलेली नोंद वगळता दप्तर पूर्ववत झाले, तरच ते विश्वासार्ह समजावे.