अरब राष्ट्रांचे आर्थिक ऐक्य : भाषा एक, बाजारपेठा अनेक

दि. 22 मार्च 1945 रोजी कैरो येथे अरब लीग स्थापन झाली. युरोपातील कोळसा व पोलाद समुदायाचा करार त्यानंतर सहा वर्षांनी झाला. म्हणजे एकत्र येण्याचा विचार अरबांनी आधी केला. आज लीगचे 22 सदस्य आहेत, तरीही त्यांचा आपसांतील व्यापार एकूण व्यापाराच्या एक दशांशाच्या आसपासच आहे. युरोपीय संघात तो निम्म्याहून अधिक आहे.

भाषा एक असूनही राज्ये अनेक, हेच याचे कारण असे पुष्कळ जण सांगतात. आम्हांस ते पटत नाही. एका राज्याची भाषा एक असावी, हे बाबासाहेबांनी 1955 मध्ये मान्य केले. परंतु एका भाषेचे राज्य एकच असावे, हे मान्य केले नाही. दोष अन्यत्र आहे.

करारांची वाण कधीच नव्हती. 1964 मध्ये सामाईक बाजारपेठ जाहीर झाली. 1998 पासून जकाती उतरू लागल्या व 2005 पर्यंत बहुतांशी रद्द झाल्या. उरले परवाने, उगमाचे दाखले आणि सीमेवरचा खोळंबा. शिवाय तेल विकणाऱ्याने तेल विकणाऱ्याला विकावे तरी काय?

खरा पूरकपणा आहे तो भांडवल आणि श्रम यांत. आखातात पैसा आहे. इजिप्त, सुदान, येमेन येथे हात आहेत. पण श्रमिकाला हक्काची हमी कुठे आहे? कुवेत-संकटात येमेनने घेतलेली भूमिका सौदी अरेबियाला रुचली नाही आणि 1990 मध्ये सुमारे 8 लाख येमेनी कामगारांना परतावे लागले. कामगाराचे वास्तव्य मालकाच्या हमीला बांधणारी ‘कफाला’ पद्धत आखातात गेलेल्या कोकणातील घरांनाही ठाऊक आहे. हे बंधन सुटल्याविना होणारे ऐक्य भांडवलदारांपुरतेच राहील, असे आमचे स्पष्ट मत आहे.

पश्चिमेकडे 1989 मध्ये पाच देशांचा मगरिब संघ झाला. परंतु अल्जेरिया-मोरोक्को यांची भू-सीमा 1994 पासून बंद आहे. मोरोक्कोमार्गे स्पेनला जाणारा अल्जेरियाचा नैसर्गिक वायूही ऑक्टोबर 2021 अखेर थांबला.

आखाती सहकार्य परिषदेची (1981) वाटचाल अधिक आश्वासक आहे. सहा देशांच्या वीजवाहिन्या जोडल्या गेल्या आहेत. 2017 मध्ये सौदी अरेबिया, बहारीन व संयुक्त अरब अमिराती यांनी कतारशी संबंध तोडले, ते जानेवारी 2021 पर्यंत. त्या साऱ्या काळात डॉल्फिन वाहिनीतून कतारचा वायू मात्र अमिरातींकडे अखंड जात राहिला.